जुन्या गाड्यांचे नुसते फोटो नकोत, काम कसं होतं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून जुन्या मोटरसायकलींवर पान येतं. बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स हंड्रेड, सगळ्या लखलखीत, शेजारी मालक उभे, आणि खाली किती खर्च आला, पार्ट कुठून कुठून आणले, आता कोणी किती लाख द्यायला तयार आहे हे सगळं असतं. मी ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते आणि मला जे हवं असतं तेच नेमकं त्यात नसतं, ते म्हणजे गाडी खोलली कशी. आधी काय काढलं, अडकलेला स्क्रू कसा सोडवला, कुठला पार्ट बदलला आणि कुठला नुसता धुऊन परत लावला, हे कोणी सांगतच नाही. मग वाचणाऱ्याला वाटतं की हे मोठ्या वर्कशॉपचं आणि मोठ्या पैशाचं काम आहे, आपल्या जिन्याखाली पडलेली गाडी आपण काय खोलणार, आणि तो भंगारवाल्याला बोलावतो.

दुसरं म्हणजे त्या पानावर ठरावीक चार-पाच गाड्याच येतात. चांगल्याच आहेत त्या, माझा काही विरोध नाही, पण ज्या गाड्यांवर आपल्याकडची बहुतेक घरं चालली त्या साध्या हंड्रेड सीसी फोरस्ट्रोक गाड्यांवर मी तरी कधी काही वाचलेलं नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं झालं तर माझ्याबद्दलचं कापा, कामाबद्दलचं ठेवा एवढी विनंती.

आमची गाडी म्हणजे हिरो होंडा सीडी हंड्रेड, काळी. आण्णा पिग्मी एजंट होते, सकाळ-संध्याकाळ दुकानं फिरायची, कधी कागल, कधी हातकणंगले, आणि ते सगळं ह्या गाडीवर. हिरो आणि जपानची होंडा १९८४ ला एकत्र आले आणि १९८५ ला हरियाणातल्या धारुहेडाच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली. त्या वेळी रस्त्यावर सगळा टूस्ट्रोकचा जमाना, पेट्रोलबरोबर ऑइल जळणार आणि मागं धुराची रेघ, आणि त्यात ही ९७.२ सीसीची आडव्या इंजिनाची फोरस्ट्रोक आली, तिची जाहिरातच होती 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पळायला आरएक्ससारखी अजिबात नाही, पण पगारात बसणारी, घरातल्या कुणालाही एका किकमध्ये चालू करता येणारी. १९९४ ला स्प्लेंडर आली तिचं इंजिन पण ९७.२ सीसीचंच, ह्याच घराण्यातलं, आणि घरी काम करायचं म्हटलं की हीच गोष्ट सगळ्यात उपयोगाची ठरते, कारण येझदीच्या पार्टसाठी वणवण करावी लागते तशी इथं करावी लागत नाही, इंजिनातलं बरंच काही आजही गल्लीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. फक्त जुना पार्ट हातात घेऊन जायचा आणि शेजारी शेजारी ठेवून मोजून बघायचं, दुकानदार 'बसतोय की' म्हणाला म्हणून आणायचा नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला, राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आम्ही जयंती नाल्याच्या बाजूला राहतो, त्यामुळं गाडी हँडलपर्यंत पाण्यात. पूर ओसरल्यावर आमच्या भागात घरोघरी चिखलानं भरलेल्या गाड्या, आणि लोक काय करायचे तर गाडी पाण्यानं धुवायची आणि किक मारायला सुरुवात करायची. हे मला सगळ्यात आधी आणि मोठ्या अक्षरात सांगायचंय, कारण पूर परत येणार आहे, २०२१ ला आलाच होता. बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही. सेल्फ असेल तर बटणाला हात लावायचा नाही. सायलेन्सरमधून आणि एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, जोरात फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ऑइलमध्ये गाळ मिसळलेला असेल तर एका मिनिटात बेअरिंग आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, दोन्हीवर ओरखडे. आधी बॅटरीची वायर काढायची, प्लग काढायचा, खालचा ड्रेन बोल्ट काढून ऑइल सोडायचं, ते दुधाच्या चहासारखं निघालं म्हणजे पाणी आत गेलंय. मग स्वस्तातलं ऑइल भरून, प्लग न लावता, हातानं हळू चाक फिरवून इंजिन फिरवायचं, परत सोडायचं, परत भरायचं, स्वच्छ येईपर्यंत. एवढं पहिल्या दोन दिवसांत केलं तर गाडी वाचते. आमची तेव्हा कोणाला वेळच नव्हता म्हणून तशीच राहिली, घर सावरायचं होतं, आणि नंतर जिन्याखाली ताडपत्री टाकून ठेवली ती ठेवलीच.

मागच्या दिवाळीनंतर मी आणि माझा भाचा, तो आयटीआयला फिटरचा कोर्स करतोय, आम्ही ती खोलायला घेतली. किक खालीच जात नव्हती, इंजिन पूर्ण जाम.

खोलण्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण गाडी बिघडते ती जोडताना नाही तर खोलताना. जोश असतो, पाना हातात असतो आणि पहिल्याच दिवशी अर्धी गाडी फरशीवर. त्यापेक्षा पहिला दिवस पाना न उचलता घालवा. गाडी धुवा, वाळवा, आणि मोबाइलनं सगळ्या बाजूंनी फोटो काढा, केबल कुठल्या नळीच्या आतून गेलीय, वायरिंगचा कुठला गुच्छ चेसिसच्या कुठल्या बाजूनं वळलाय, कुठल्या बोल्टला वायसर आतून आहे आणि कुठल्याला बाहेरून. भाचा म्हणाला मावशी एवढे फोटो कशाला, मी म्हटलं तू काढत राहा. शिवाय एक वही केली, तारीख, काय काढलं, किती नंबरचा पाना लागला, किती नट-बोल्ट निघाले. फोटोत बोल्टची लांबी कळत नाही, वहीत कळते.

बोल्टसाठी पुठ्ठ्याची युक्ती आहे, जुन्या मिस्त्री लोकांची. इंजिनाच्या साइड कव्हरचे स्क्रू एका लांबीचे नसतात, एखादा लांब, एखादा आखूड, आणि आखूडच्या जागी लांब गेला की तो आत टेकतो, आपण आवळत राहतो आणि अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर तडकतं. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार पेन्सिलनं काढायचा, जिथं जिथं स्क्रू आहे तिथं भोक पाडायचं आणि काढलेला स्क्रू लगेच त्याच भोकात खोचून ठेवायचा. बाकीचे नट-बोल्ट छोट्या प्लास्टिक पिशव्यांत, पिशवीत कागदाची चिठ्ठी, कारण बाहेरून मार्करनं लिहिलेलं डिझेलच्या हातानं पुसलं जातं.

आता ते स्क्रू. ह्या गाड्यांचे साइड कव्हरचे फुलीचे स्क्रू जपानी पद्धतीचे असतात, दिसायला आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखेच, पण खाच थोडी वेगळी, त्यामुळं साधा स्क्रू ड्रायव्हर जोर लावला की वर उचलला जातो आणि फुली गोल होऊन जाते. जुन्या गाड्यांचे बघा, निम्म्या स्क्रूंची डोकी खराब झालेली आणि त्यावर छिन्नीचे घाव असतात, ते ह्याच्यामुळंच. जपानी मापाचा बिट लावलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे वर हातोडी मारली की झटक्यानं फिरतो तो, हे हत्यार घेतल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका. फार महाग नाही. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवायचा, सकाळी हातोडीनं स्क्रूच्या डोक्यावर दोन हलके ठोके द्यायचे आणि मग फिरवायचं. तरी नाही निघाला तर हॉट एअर गननं आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम गरम करायचं, ते लोखंडापेक्षा जास्त फुगतं आणि पकड सैल होते. हे करताना पेट्रोलची टाकी आणि कार्बोरेटर गाडीवर असता कामा नयेत, ते आधीच काढून लांब ठेवलेले असावेत, आणि पेट्रोलनं पार्ट धुवायची आपल्याकडं जी सवय आहे ती सोडून द्या. डिझेलनं धुतलं तरी ग्रीस निघतं, वेळ थोडा जास्त लागतो एवढंच, आणि काम उघड्यावर करायचं. धुतलेलं काळं डिझेल आणि जुनं ऑइल गटारात ओतू नका, आमच्याकडं ते सरळ नाल्यातून पंचगंगेत जातं. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्यायचं.

जाम झालेला पिस्टन ठोकून काढायचा नसतो. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑइल मिसळून सोडलं, काही दिवस तसंच ठेवलं, रोज थोडं भरायचं आणि मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या, नटावर पाना लावून अगदी हलका पुढं-मागं जोर द्यायचा. एक दिवस तो केसभर हलला, आणि केसभर हलला की काम झालं म्हणून समजा, पुढं नुसता धीर धरायचा.

डाव्या बाजूचा मॅग्नेट काढायला पुलरच, म्हणजे ओढून काढायचं हत्यारच, लागतो. पेचकस घालून उचकटायचा नाही की बाजूनं हातोडी मारायची नाही, क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतो तो, शाफ्ट वाकतो आणि मग गाडी आयुष्यभर हँडलला थरथरते. आत शाफ्टवर छोटी अर्धगोल चावी असते ती लगेच पिशवीत टाका, ती हरवली तर मॅग्नेट बसवता येत नाही. उजव्या बाजूला क्लच कव्हरच्या आत क्रँकच्या टोकावर गोल डबी असते, तिला तीन स्क्रू, तो ऑइलचा फिल्टर. ह्यात कागदाचा फिल्टर नाही, डबी इंजिनाबरोबर गरागरा फिरते आणि ऑइलमधली घाण कडेला चिकटून बसते, खाली वेगळी जाळी आहे ती मोठा कचरा अडवते. ही डबी कितीतरी गाड्यांमध्ये पहिल्यापासून कधी उघडलेलीच नसते, कारण नेहमीच्या सर्व्हिसिंगला कव्हर कोण काढतंय, नुसतं ऑइल बदललं की झालं. आमच्या डबीत काळा घट्ट थर आणि त्यावर पुराचा गाळ. ती डबी धरणारा नट चार खाचांचा असतो, त्याला चार दातांचा खास सॉकेट येतो, तो न वापरता आधी कोणीतरी छिन्नीनं ठोकून ठोकून नटाच्या खाचा पार उडवून ठेवल्या होत्या. सॉकेट शंभर-दोनशे रुपयांच्या घरातली वस्तू आहे. माझं मिस्त्री लोकांवर प्रेम आहे, त्यांच्याकडूनच मी शिकलेय, पण हत्यार नसताना छिन्नी चालवणं हे काही बरोबर नाही आणि गिऱ्हाइकानं पण गडबड करू नये, एक दिवस जास्त द्यावा.

ब्लॉक, म्हणजे सिलिंडर, आणि पिस्टन घेऊन उद्यमनगरात गेलो. शिवाजी उद्यमनगर म्हणजे कोल्हापूरचं खरं वैभव आहे, ऑइल इंजिनापासून उसाच्या चरकापर्यंत सगळं घडवलेले लोक तिथं बसलेत, आणि बोअर मोजणारे मिस्त्री डायल गेज आत घालून वर, मध्ये, खाली आणि परत आडवं फिरवून मोजतात, कारण बोअर नुसता मोठा होत नाही, लांबट पण होतो. ह्या इंजिनाचा मूळ बोअर ५० मिमी, पिस्टन पाव-पाव मिमीनं मोठे मिळतात, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटचा १ मिमी. गंजाचे खड्डे किती खोल गेलेत त्यावर ठरतं. आमचं ०.५० वर भागलं. इथं एक लक्षात ठेवण्यासारखं आहे, पिस्टन आधी विकत घ्यायचा आणि तो मिस्त्रींच्या हातात देऊन त्याच्या मापानं बोअर करायला सांगायचं, बोअर आधी करून मग पिस्टन शोधायचा नाही. बोअर झाल्यावर आतून होनिंगच्या, म्हणजे दगडानं घासलेल्या, तिरक्या रेघा दिसल्या पाहिजेत, त्या रेघांत ऑइल धरून राहतं. आणि घरी आणल्यावर ब्लॉक साबणाच्या कोमट पाण्यानं ब्रश घालून धुवायचा, पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत, मग लगेच वाळवून ऑइल लावायचं. नुसत्या डिझेलनं होनिंगची बारीक पूड निघत नाही, ती राहिली तर नव्या रिंगा थोड्याच दिवसांत घासून जातात.

क्रँकची बेअरिंग पुरात गेलेली होती, हातात घेऊन फिरवली की खरखर. कनेक्टिंग रॉड वर-खाली अजिबात हलता कामा नये, बाजूला थोडा हलला तर चालतो. क्रँक प्रेसवर दाबून नवा रॉड बसवणं आणि परत सेंटरमध्ये आणणं हे घरी होणारं काम नाही, ते लेथवाल्याकडंच द्यायचं. घरी करायचं म्हणजे सगळंच घरी करायचं असं नाही.

व्हॉल्व्ह मात्र घरी. व्हॉल्व्ह जागेवर घट्ट बसावा म्हणून घासायची पेस्ट दोन प्रकारची मिळते, जाडी आणि बारीक, रबराच्या कपाची दांडी व्हॉल्व्हला चिकटवून दोन तळहातात फिरवत राहायची, थोड्या वेळानं पुसून बघायचं, कडेला सगळीकडून सारखी करडी पट्टी आली की झालं. मग प्लग लावून, स्प्रिंगसकट व्हॉल्व्ह बसवून, पोर्टमध्ये डिझेल ओतून ठेवायचं. खालून पाझरलं तर परत घासायचं. हे काम भाच्यानं केलं, पहिल्यांदा कंटाळला, नंतर त्याच्याच लक्षात आलं की पट्टीचा रंग बघून कळतंय आणि मग सोडेना.

पिस्टनवर इनटेकच्या बाजूची खूण असते ती वर कार्बोरेटरकडं, रिंगांवर बारीक अक्षर असतं ते वरच्या बाजूला, आणि रिंगांची तोंडं एका रेषेत आणायची नाहीत. टायमिंगला मॅग्नेटवरची टी खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणि कॅमच्या स्प्रॉकेटवरची खूण हेडवरच्या खुणेसमोर, दोन्ही एकाच वेळी. चेन बसवल्यावर किक मारायची नाही, मॅग्नेटच्या नटावर पाना लावून हातानं इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचं, कुठं टणकन अडलं तर तिथंच थांबायचं, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतोय. परत खुणा बघायच्या. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली फट, ती इंजिन थंड असताना ०.०५ मिमी, फिलर गेजचं सगळ्यात पातळ पान, ते किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे. बरेच जण आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून घेतात, गाडी शांत होते, आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, जळतो. थोडा टकटक आवाज चांगला, ह्यावर माझं आमच्या मिस्त्रींशी एकमत आहे.

बोल्ट आवळण्याबद्दल दोन शब्द. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुरतात, हे किती कमी आहे ते टॉर्क रेंच हातात घेतल्यावरच कळतं. आपण नेहमी लांब पान्यानं आवळतो तो त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि म्हणूनच प्रत्येक जुन्या इंजिनात दोन-चार ठिकाणी आटे गेलेले सापडतात. गेलेले आटे हेलिकॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, घालून परत करता येतात, जाडा बोल्ट ठोकून बसवायची काही गरज नाही.

कार्बोरेटर सोपा आहे पण त्यात सुई, तार, पिन काही घालायचं नाही. पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं भोक मापाचं असतं, तार घातली की मोठं होतं आणि मग अ‍ॅव्हरेज का पडलं म्हणून माणूस प्लग बदलत बसतो. क्लीनरचा स्प्रे आणि कॉम्प्रेसरची हवा, बास. एअर स्क्रू काढायच्या आधी पूर्ण आत फिरवून किती फेरे जातात ते वहीत लिहायचं, परत लावताना तेवढाच बाहेर.

टाकी आतून गंजलेली होती. पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून ठेवलं, ते ओतून मग मूठभर नट आणि साखळीचा तुकडा टाकून हलवलं, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायचं म्हणजे आंबटपणा मरतो, आणि लगेच वाळवायचं नाहीतर डोळ्यांसमोर परत तांबडी होते. वाळली की आतून थोडं ऑइल फिरवायचं. टाकीला भोक असेल तर ती रेडिएटरची कामं करणाऱ्या अनुभवी माणसाकडं न्या, स्वतः वेल्डिंग कधीही करू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते.

ब्रेकचे ड्रम उघडताना आतली धूळ तोंडानं फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या ब्रेकशूजमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. मास्क लावा आणि ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजमधली पोरं रोज हे करतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, तुम्ही ही एक ओळ जरी छापलीत तरी माझं पत्र कामी आलं.

आता रंग. पुरवणीतल्या फोटोंमुळं सगळ्यांना रंग आधी हवा असतो. माझं म्हणणं आहे की रंग सगळ्यात शेवटी आणि जमेल तेवढा कमी. हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथली बेअरिंग, ढिला, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा बुश गेलेला, फोर्कच्या पाइपवर गंजाचे खड्डे आणि सील गळतंय, टायर कडक झालेत, आणि वर आरशासारखा रंग, अशी गाडी उताराला हातात राहत नाही. आम्ही पैसे आधी ह्या सगळ्यावर घातले. फोर्कचा पाइप जाड काचेवर लोळवून बघितला की वाकलाय का ते लगेच कळतं. चेसिस घासून, पावडर कोटिंग न करता साधा प्राइमर आणि काळा रंग मारला, आणि चेसिस नंबरवर टेप लावून ठेवली. सँडब्लास्टिंग करा नाहीतर पावडर कोटिंग करा, तो नंबर झाकायला सांगायला विसरू नका, आरटीओत त्याचा पेन्सिलनं ठसा घेतात आणि नंबर बुजला तर सगळी मेहनत गेटवर अडते. टाकीवर आण्णांच्या पँटच्या बेल्टनं पडलेले ओरखडे आहेत. पेंटर म्हणाला काढतो, लांबी म्हणजे पुट्टी भरून गुळगुळीत करतो. मी नको म्हटलं. टाकीचा बाहेरचा रंग तसाच आहे, नुसती पॉलिश केली.

सायलेन्सर मोकळा करून फटफट आवाज काढायचा, मडगार्ड कापायचं, सीट चपटी करायची, हे जे चाललंय ते मला पटत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी सायलेन्सर हिशोबानं बनवलेला असतो आणि आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो तो वेगळाच. इंजिन किंवा गाडीची ठेवण बदलली तर ते कायद्यातही बसत नाही, रंग बदलला तरी आरसी बुकवर नोंद करून घ्यावी लागते.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण हे लोक विचारतातच. खाजगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर फॉर्म २५ भरून गाडी दाखवून पुढं पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळतं. ही फी पूर्वी ३०० रुपये होती, २०२२ च्या एप्रिलपासून १००० झाली आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकींसाठी २००० केली, पर्यावरण कर वेगळा, उशीर झाला तर दंड वेगळा. विमा आणि पीयूसी लागतंच आणि आता नवीन हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण. आपल्याकडं जुनी गाडी ठेवायला बंदी नाही, दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरच्या बंदीची बातमी वाचून घाईनं गाडी विकू नका. फक्त खोलायच्या आधी आरसी घरात आहे का आणि त्यावरचे इंजिन नंबर, चेसिस नंबर गाडीशी जुळतात का ते बघा, हे शेवटी कळून उपयोग नाही.

चालू करताना ऑइल भरलं, प्लग काढूनच ठेवला, टॅपेटच्या टोप्या उघड्या ठेवून किक मारत राहिलो, हेडमध्ये ऑइल वर आलेलं डोळ्यांनी दिसल्यावरच प्लग लावला. मग पेट्रोल. चालू झाली तेव्हा आण्णा खुर्ची टाकून बसले होते, काही बोलले नाहीत, उठून ऑइल कुठं गळतंय का ते खाली वाकून बघायला लागले.

नवीन बोअरची गाडी पहिले ५०० किलोमीटर ५० च्या खाली, एकाच स्पीडला लांब ओढायची नाही, डबलसीट चढ नको. मग ऑइल बदलायचं, जाळी परत धुवायची, टॅपेट परत बघायचे.

संपादक साहेब, ह्यातलं मला जे येतं ते बहुतेक सगळं उद्यमनगर आणि लक्ष्मीपुरीतल्या वयस्कर मिस्त्रींच्या शेजारी उभं राहून आलंय. त्यांनी हे कुठं लिहिलेलं नाही. कंपनीची सर्व्हिस मॅन्युअलं इंग्रजीत, आणि नव्या पोरांना फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या लॅपटॉप लावून तपासायला शिकवतात, तेही शिकायला हवंच, पण कार्बोरेटरच्या गाड्या अजून गावोगावी रस्त्यावर आहेत आणि त्या ओळखणारे हात आता थकायला लागलेत. आपल्या पेपरनं महिन्यातून एका रविवारी अर्धं पान द्यावं, एका वेळी एकच काम, एकाच मिस्त्रींच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत, हातांचे आणि हत्यारांचे फोटो घालून. आज टॅपेट, पुढच्या वेळी क्लच प्लेट, मग कोनसेट. चमकणाऱ्या गाडीचा फोटो शेवटी छोटासा टाका, त्याला माझी हरकत नाही. पुणे, सांगली, नाशिक, नागपूर, सगळीकडं असे मिस्त्री आहेत, पुण्यात नाना पेठेत नुसतं विचारलं तरी चार नावं मिळतील.

पुरात भिजलेल्या वायरिंगबद्दल ह्या पत्रात लिहिलं नाही, ते मोठं प्रकरण आहे, हिरवे पडलेले कनेक्टर, अर्थिंग, आणि गाडी ६ व्होल्टची की १२ ची इथपासून सुरुवात करावी लागते. पावसाळ्याच्या आधी जागा देणार असाल तर कळवा, मी आणि भाचा मिळून फोटोंसकट पाठवतो.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर